प्रस्तावना : चार महिने वगळून बांधलेली घरे

महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा आणि लोणावळा या सह्याद्रीच्या माथ्यावरील व घाटमाथ्यालगतच्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभरेक वर्षांत जे बंगले उभे राहिले, त्यांतील बहुसंख्य बंगले वर्षभर राहण्यासाठी बांधलेलेच नव्हते. मुंबईच्या उकाड्यातून सुटका हवी असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी, पारशी, खोजा, बोहरा व गुजराती व्यापाऱ्यांनी आणि संस्थानिकांनी ते उन्हाळ्यासाठी, आणि काही प्रमाणात दसरा-दिवाळीनंतरच्या थंडीसाठी, बांधले. जूनच्या आरंभी ते बंद होत आणि ऑक्टोबरात पुन्हा उघडत. अशा बंगल्याला या पुस्तकात ‘हंगामी घर’ म्हटले आहे, आणि ज्या घरात आषाढ-श्रावणासह बाराही महिने माणसे राहतात, स्वयंपाक होतो, कपडे वाळतात, पुस्तके कपाटात टिकतात, त्याला ‘बारमाही घर’ म्हटले आहे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर कसे करावे, त्यात काय जपावे, काय बदलावे आणि कोठे थांबावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. घरातून काम करण्याची सोय झाल्यापासून, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, अनेक कुटुंबांनी वाडवडिलांचे किंवा नव्याने घेतलेले असे बंगले कायमच्या वास्तव्यासाठी वापरण्याचा विचार सुरू केला आहे, म्हणून या विषयाची नीट मांडणी होणे निकडीचे झाले आहे.

या घरांचा हंगामीपणा समजून घेण्यासाठी गिरिस्थानांच्या जन्मकथेकडे थोडे वळावे लागते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवण्याचे मनावर घेतले आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा कंपनी सरकारकडे आली. तेथील बाजारपेठेला माल्कमचे नाव पडले ते तेव्हापासून. पुढे मुंबई सरकारचे वार्षिक वेळापत्रकच असे ठरून गेले की, ऐन उन्हाळ्यात गव्हर्नर व त्याचे सचिवालय महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला आणि थंडीत मुंबईला असे. पावसाळा महाबळेश्वरी काढण्याची कल्पना त्या वेळापत्रकात कोठेच नव्हती, आणि ज्या ठिकाणचे सर्वोच्च अधिकारी व धनिक जूनमध्ये डोंगर उतरत, त्या ठिकाणची घरे जूननंतरच्या दिवसांसाठी बांधण्याचे कोणालाच कारण नव्हते. माथेरानची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये त्या पठाराकडे लक्ष वेधले, पुढे तेथे बंगले वाढले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर चढली, आणि आजही पावसाळ्यात त्या रेल्वेची घाटातील फेरी बंद ठेवली जाते.

पाचगणीचे उदाहरण मात्र मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ते नियमाला अपवाद आहे आणि अपवादाचे कारण भूगोलात आहे. महाबळेश्वरपासून पूर्वेला वीस किलोमीटरांच्या आत असलेले हे पठार पर्जन्यछायेत येते. म्हणजे नैर्ऋत्येकडून आलेले ढग पश्चिमेच्या कड्यावर रिते होऊन मग येथे पोहोचतात. महाबळेश्वरला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि घाट उतरून वाईला गेले की त्याहूनही पुष्कळ कमी. जॉन चेसन याने १८६० च्या आगेमागे पाचगणीत वस्ती उभी केली ती याच जाणिवेने की, महाबळेश्वरला पावसाळ्यात राहता येत नाही आणि येथे येते. पुढे निवासी शाळा आणि क्षयरोग्यांची आरोग्यधामे येथे आली तीही याच कारणाने. १९४५ च्या उन्हाळ्यात गांधीजींचा मुक्काम महाबळेश्वरला होता आणि पावसाळा तोंडावर येताच तो पाचगणीला हलला, यातही डोंगरावरचा हाच जुना शिरस्ता दिसतो. तेव्हा एखादे हंगामी घर बारमाही करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न घराविषयी नसून जागेविषयीचा असतो : हे घर कड्याच्या तोंडावर आहे की आडोशाला, पश्चिमेला त्याच्यासमोर दरी आहे की झाडी, आणि जुलैतला वारा त्याच्या कोणत्या भिंतीवर आदळतो.

या विषयावरचे जे साहित्य सहज हाती लागते ते बहुतेक थंड देशांतले आहे. फिनलंड, स्वीडन, कॅनडा येथे तळ्याकाठी उन्हाळी लाकडी घरे असतात आणि हिवाळ्यात ती बंद ठेवतात. तेथे हंगामी घर बारमाही करायचे म्हणजे भिंतींत उष्णतारोधक थर भरायचा, खिडक्यांना दुहेरी काच लावायची, नळातले पाणी गोठू नये म्हणून नळ खोल पुरायचे आणि घर जितके हवाबंद करता येईल तितके करायचे. हे सर्व तेथे योग्यच आहे. परंतु सह्याद्रीत वगळलेला ऋतू हिवाळा नसून पावसाळा आहे, शत्रू थंडी नसून ओल आहे, आणि ओलीशी लढताना घर हवाबंद करणे हा उपाय न ठरता बहुतेक वेळा अपाय ठरतो. परदेशी पुस्तकांवरून किंवा चित्रफितींवरून कामाला लागणाऱ्यांची पहिली दिशाभूल येथेच होते, म्हणून ती आरंभीच दूर करणे आवश्यक आहे.

आता प्रत्यक्ष बंगल्याकडे वळू. त्याच्या भिंती साधारणपणे जांभ्या दगडाच्या असतात. जांभा हा लोहयुक्त, सच्छिद्र, तांबडा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि हवेत राहून कठीण होतो. दगडांचे सांधे चुन्यात भरलेले असतात आणि वर चुन्याचाच गिलावा असतो. जोते, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा उंचवटा, बहुधा दोन-तीन फुटांचे असते. छपराला सागवानी कैच्या, त्यांवर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर मंगलोरी कौले असतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यानंतर ही खाचेची चपटी कौले किनारपट्टीने वर पसरली आणि गवताची व नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. काही बंगल्यांवर कौलांऐवजी पन्हाळी पत्रा आहे. तिन्ही किंवा चारी बाजूंनी रुंद व्हरांडा, उंच छत, समोरासमोर दारे-खिडक्या, एखाद-दोन खोल्यांत शेकोटीची भिंतीतली चूल व तिचे धुराडे, मुख्य घरापासून तुटक असलेले स्वयंपाकघर, आणि आवाराच्या टोकाला माळ्याची किंवा रखवालदाराची खोली. हा आराखडा उन्हाळ्यासाठी उत्कृष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत अशा घरात पंख्याचीही गरज भासत नाही, आणि आज काँक्रीटमध्ये बांधली जाणारी नवी घरे या एका बाबतीत त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

मग हे घर पावसाळ्यात टिकत कसे होते? याचे उत्तर या संपूर्ण विषयाचा गाभा आहे, आणि ते इमारतीत नसून माणसांच्या श्रमात आहे. मे महिना उतरणीला लागला की कौले परतली जात, म्हणजे फुटकी-सरकलेली कौले काढून नवी बसवली जात. पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींना आणि व्हरांड्याच्या मोकळ्या बाजूंना बांबूच्या चौकटींवर बांधलेल्या गवताच्या झडी लावल्या जात; झड म्हणजे वाऱ्याने तिरका होऊन येणारा पाऊस, आणि तो अडवणाऱ्या आवरणालाही तेच नाव. गाद्या-गालिचे पेटाऱ्यांत जात, लाकडी सामान भिंतींपासून दूर खोलीच्या मध्यभागी येई, आणि रखवालदाराचे कुटुंब मागे राहून चार महिने गळती पाही, साचलेले पाणी वाट करून काढी, पाऊस उघडलेल्या दिवशी खिडक्या उघडून घराला वारा देई. ऑक्टोबरात झडी उतरत, चुन्याचा हात फिरे, लाकडाला तेल लागे. शंभर वर्षे हे बंगले उभे राहिले ते या वार्षिक कष्टामुळे, आणि ते ज्यांनी उपसले त्या माणसांची नावे कोणत्याही बंगल्याच्या दगडी पाटीवर कोरलेली नाहीत. घराची मालकी बदलली, रखवालदाराला निरोप मिळाला, झडी लावण्याचा खर्च नकोसा झाला, की दहा-पंधरा वर्षांत तेच घर कोसळण्याच्या वाटेला लागते; महाबळेश्वरात व माथेरानात अशी घरे डोळ्यांसमोर आहेत. म्हणून रूपांतर म्हणजे जुन्या घराला नव्या सोयी चिकटवणे नव्हे. पूर्वी दरवर्षी माणसे जे काम करीत, त्यातले किती काम आता इमारतीच्या रचनेत कायमचे गुंफता येईल आणि किती काम घरात राहणाऱ्यांनी आपल्या वर्षक्रमात स्वीकारावे लागेल, याची ती वाटणी आहे.

या डोंगरांवर बारमाही घर अस्तित्वातच नव्हते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. साहेब येण्यापूर्वीपासून कुणबी, कोळी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड येथे बाराही महिने राहत होते. त्यांची घरे ठेंगणी, वळचण इतकी खाली आलेली की भिंतीला पाऊस लागूच नये, खिडक्या मोजक्या आणि लहान, गुरांचा गोठा घराच्याच एका अंगाला. मध्यभागी चूल असे आणि तिचा धूर धुराड्यावाटे न जाता छपरातून झिरपत बाहेर पडे. हा धूर डोळ्यांना व छातीला अपायकारक होता यात शंका नाही, पण तो रोज वासे व गवत वाळवी, लाकूड पोखरणारे भुंगे दूर ठेवी आणि घरातली दमट हवा वर ढकली. बंगला बांधणाऱ्यांनी उंच छत, मोठ्या खिडक्या व तुटक स्वयंपाकघर आणून राहणे सुखाचे केले आणि त्याच क्षणी पावसाळी संरक्षणाची ही सारी व्यवस्था घराबाहेर काढली. आज बंगला बारमाही करताना धूर परत आणायचा नाही. धुराने जे साधत होते ते, म्हणजे रोजची थोडी ऊब आणि हवेची अखंड हालचाल, दुसऱ्या मार्गाने परत आणायचे आहे. स्थानिक घरांचा हा धडा बंगल्यांवरील ग्रंथांत क्वचितच वाचायला मिळतो, ही मोठी उणीव आहे.

कामाचा क्रम छपरापासून सुरू होतो, आणि छपराचे गणित मांडल्याशिवाय त्याचे महत्त्व मनावर ठसत नाही. दोनशे चौरस मीटर छपरावर वर्षाला साडेपाच मीटर पाऊस पडला, तर त्या एका घरावरून ११ लाख लीटर पाणी वाहते, आणि ते जवळजवळ सगळे चार महिन्यांत. ३०० मिलिमीटरचा दिवस या भागात दुर्मीळ नाही. त्या दिवशी छपरावरून ६० हजार लीटर पाणी उतरते. जुलै २०२१ मध्ये तर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरांच्या वर पाऊस नोंदला गेला. एवढे पाणी वळचणीच्या पागोळ्यांवाटे जोत्याच्या पायथ्याशी पडत राहिले, तर ते उसळून भिंतीचा खालचा भाग भिजवते, पायाशी मुरते आणि सच्छिद्र जांभ्यातून केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, वर चढते. भिंतीवर दोन-तीन फूट उंचीपर्यंत दिसणारा ओलीचा पट्टा बहुतेक वेळा याच पाण्याचा असतो. रुंद पन्हळी, जाड उतरते नळ, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेली फरसबंदी, आणि वरच्या अंगाने डोंगराचे पाणी घराकडे येण्यापूर्वीच वळवणारा दगडी चर, या चार गोष्टी दिसायला अगदी साध्या आहेत; पण खर्चाचा पहिला रुपया त्यांच्यावर पडावा. रंग, फरशी आणि स्नानगृहांची सजावट यांवर आधी खर्च करणाऱ्यांना तोच खर्च तीन वर्षांत पुन्हा करावा लागतो.

कौलांचे छप्पर तसेच ठेवावे की वर पत्रा घालावा, हा वाद प्रत्येक घरात होतो. मंगलोरी कौले एकमेकांत अडकतात, पण ती घट्ट बंद नसतात; जोराच्या वाऱ्यात पाण्याचे तुषार त्यांच्याखाली शिरतात, आणि शिवाय माकडे आहेत, ज्यांच्या उड्यांनी फुटलेल्या कौलांचा हिशेब महाबळेश्वर-माथेरानचा कोणताही गवंडी देऊ शकेल. वर पत्र्याचे दुसरे छप्पर चढवल्याने गळती थांबते हे खरे, परंतु पत्रा आणि कौल यांच्यामधली जागा बाजूंनी बंद केली तर तेथे कोंडलेल्या दमटपणात वासे व रिपा आतल्या आत कुजतात आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. अधिक चांगला मार्ग असा की, कौले एकदा पूर्ण उतरवावीत, कुजलेले वासे बदलावेत, वाशांवर फळ्या ठोकून त्यांवर पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा पडदा अंथरावा, त्यावर उभ्या पट्ट्या व मग आडव्या रिपा ठोकून तीच कौले पुन्हा घालावीत, म्हणजे कौलांखालून शिरलेले पाणी पडद्यावरून वाहून पन्हळीत पडते आणि लाकडाला खालून-वरून वारा मिळतो. हा मार्ग महाग आहे. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी पत्राच घालावा, मात्र आढ्याशी आणि वळचणीशी हवेला मोकळी वाट ठेवून.

भिंतींच्या बाबतीत जी एक चूक सर्वत्र होत आहे तिच्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. जुना चुन्याचा गिलावा पोपडे धरू लागला की तो खरवडून सिमेंटचा गिलावा करायचा आणि वर जलरोधक रंग चढवायचा, असा सल्ला ठेकेदार सर्रास देतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल तो उघडिपीच्या दिवसांत बाहेर सोडतो, आणि त्याचे पोपडे निघणे हा त्याचा दोष नसून भिंतीऐवजी स्वतः झिजण्याचे त्याचे कामच आहे. सिमेंटचा थर ओल बाहेर पडू देत नाही. पाणी मात्र जोत्यातून, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटींतून, छपराच्या सांध्यातून आत येतच राहते, आणि बाहेरची वाट बंद झाल्याने ते भिंतीत अधिक वर चढते किंवा खोलीच्या बाजूला फुटते; त्याबरोबर आलेले क्षार दगडाचा पृष्ठभाग भुसभुशीत करतात आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजू लागतात. जांभ्याच्या भिंतीला चुनाच हवा, सांधे भरायलाही आणि गिलाव्यालाही. जेथे ओल सतत असते तेथे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळली की तो दमट जागेतही घट्ट होतो. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होत असल्याने हे काम पाऊस संपल्यावर लगेच हाती घ्यावे आणि थंडीत पुरे करावे; मे महिन्यात घाईने लावलेला चुना जूनच्या पहिल्या आठवड्यात वाहून जातो. चुन्यात काम करणारे गवंडी आता विरळ झाले आहेत ही अडचण खरी आहे, परंतु ते अजून सापडतात, आणि जो मालक त्यांच्या हाताखाली दोन तरुणांना शिकायला ठेवतो तो स्वतःच्या घराइतकीच त्या गावाचीही सेवा करतो.

झडीकडे आज मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले जाते, आणि गवताऐवजी निळे प्लास्टिक भिंतीला लपेटण्याची प्रथा पडली आहे. या दोहोंत मूलभूत फरक आहे. गवताची झड भिंतीपासून थोडी सुटी उभी असते, ती पाणी निथळून टाकते आणि तिच्यामागे हवा खेळत राहते. प्लास्टिक भिंतीला चिकटते आणि जी ओल बाहेर पडायची ती तेथेच धरून ठेवते. आधुनिक स्थापत्यात ज्याला हवेशीर बाह्यावरण म्हणतात, ज्यात मुख्य भिंतीपुढे दोन-तीन इंचांची मोकळी जागा सोडून लाकडी फळ्यांचा किंवा पत्र्याचा पडदा उभा करतात, ते तत्त्वतः झडच आहे. झोडपणाऱ्या बाजूच्या भिंतीवर असा पडदा कायमचा बसवावा, किंवा मे महिन्यात लावता व ऑक्टोबरात काढता येईल अशा चौकटींचा करावा. दुसरा पर्याय अधिक श्रेयस्कर मानावा लागतो, कारण त्यामुळे हिवाळ्यात भिंतीला ऊन लागते आणि बंगल्याचे मूळ रूपही झाकले जात नाही.

छप्पर आणि भिंती सावरल्या तरी घरातील हवेचा प्रश्न उरतोच. जून ते सप्टेंबर या काळात येथे दिवसच्या दिवस धुके घरात शिरते आणि हवेची सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ राहते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे याचे माप. ते माप दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिले की चामडे, कापड, कागद आणि भिंतीचा रंग यांवर बुरशी धरते, आणि लाकडातील पाण्याचा अंश वजनाच्या २० टक्क्यांच्या पुढे गेला की त्याला कुज लागते. अशा हवेत नुसत्या खिडक्या उघडून काही साधत नाही, कारण बाहेरची हवाही तेवढीच ओली असते; हवा आधी थोडी तापवावी लागते, म्हणजे तिची वाफ धरण्याची शक्ती वाढते, आणि मग तिला बाहेर जायला वाट द्यावी लागते. भिंतीतली जुनी शेकोटी हे दोन्ही करते. तिचे धुराडे साफ करून, वरून पाऊस शिरणार नाही अशी टोपी बसवून रोज संध्याकाळी लहानसा जाळ केला तर एका खोलीपुरती लढाई जिंकता येते. इतरत्र आर्द्रता शोषणारी यंत्रे लावावीत, पण ती संपूर्ण घरासाठी न लावता एका बंद खोलीपुरती लावावीत, जीत पुस्तके, कागदपत्रे, गाद्या व वाद्ये राहतील. कपडे वाळवण्यासाठी वेगळी उबदार जागा आराखड्यातच धरावी. पूर्वी शेगडीवर टोपले पालथे घालून बाळंतिणीच्या खोलीत लंगोट वाळवत, ती गरज आता घरभराची असते आणि आराखडा काढणारे ती हटकून विसरतात. व्हरांडा काचेने बंद करावा की नाही याचे उत्तर दिशेप्रमाणे बदलते : पश्चिमेचा बंद करणे हिताचे, पूर्वेचा व उत्तरेचा उघडा ठेवणे हिताचे, आणि चारी बाजू बंद करणे म्हणजे मधल्या खोल्यांचा श्वास कोंडणे.

थंडीचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा या भागात डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण त्या काही पहाटांपुरत्या असतात, आणि कौलांखालचा पडदा, छताच्या फळ्यांवर अंथरलेला उष्णतारोधक थर व खिडक्यांच्या फटी बुजवणे एवढ्याने भागते.

पाण्याची विसंगती मात्र सह्याद्रीच्या जवळजवळ प्रत्येक गिरिस्थानाला छळते. जेथे सहा मीटर पाऊस पडतो तेथेच एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी कमी येते, कारण उभ्या उतारांवरून पावसाचे पाणी निघून जाते आणि पर्यटकांची गर्दी नेमकी त्याच महिन्यांत उसळते. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला तो गावाच्या पाण्यासाठी, आणि आजही गावाची भिस्त त्याच्यावर आहे. बारमाही कुटुंबाने या साठ्यावर नवा भार टाकू नये. चार माणसांना दर माणशी १३५ लीटर धरले तर रोज ५४० लीटर लागतात, म्हणजे टंचाईच्या शंभर दिवसांना ५४ हजार लीटर; वर मोजलेल्या छपरावरून एका मुसळधार दिवसात याहून अधिक पाणी वाहून जाते. ६० हजार लीटरची झाकलेली टाकी, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर टाकणारी सोय आणि वाळूचा गाळप थर, एवढ्याने घर स्वावलंबी होते. सांडपाण्याकडेही असेच आधी पाहावे लागते. वर्षाला दोन महिने वापरासाठी केलेला मैलाकुंड व शोषखड्डा बारा महिन्यांच्या वापराला पुरत नाही, आणि पावसाळ्यात जमीनच पाण्याने भरलेली असल्याने शोषखड्डा शोषेनासा होतो. मग मैलापाणी उतारावरून खालच्या झऱ्यात जाते. महाबळेश्वरच्या क्षेत्रातून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्या उगम पावतात असे परंपरा मानते. त्यांच्या मुळाशी राहणाऱ्याने आपला मैला तेथेच शुद्ध करण्याची लहान यंत्रणा बसवावी, ही अपेक्षा जास्त नाही.

वीज, रस्ता आणि वैद्यकीय मदत यांविषयी पुढील प्रकरणांत सविस्तर येईल. येथे इतकेच नोंदवणे पुरे की, झाडे पडून वीज दोन-दोन दिवस जाते, ओल्या भिंतीतील जुन्या तारा जिवावर बेततात म्हणून संपूर्ण तारजोडणी आणि भूसंपर्कन नव्याने करावे लागते, आणि २०२१ च्या त्याच जुलैत आंबेनळी घाटाचा रस्ता जसा खचला तसा कोणताही घाट कोणत्याही पावसाळ्यात बंद होऊ शकतो. कोकणातली घरे आगोटीला जी बेगमी करून ठेवतात तीच येथे करावी लागते. माथेरानला दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी असल्याने चुन्याचे पोते आणि कौलांची थप्पी घोड्यावरून किंवा हातगाडीवरून न्यावी लागते, हेही अंदाजपत्रकात आधीच धरावे.

कायद्याची चौकट मात्र टाळून पुढे जाता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून आणि माथेरान फेब्रुवारी २००३ पासून केंद्र सरकारने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आहे. नवे बांधकाम, वाढीव मजले, उताराची खोदाई आणि वृक्षतोड यांवर त्यामुळे निर्बंध आहेत, आणि वारसा म्हणून जपायच्या इमारतींच्या दर्शनी भागात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. शिवाय अनेक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. पट्ट्याची मुदत, अटी आणि वापराचा प्रकार तपासल्याखेरीज वास्तुविशारदाला बोलावण्यात अर्थ नाही. हे निर्बंध अनेकांना जाचक वाटतात. तथापि जांभळाच्या, हिरड्याच्या आणि अंजनीच्या ज्या सदाहरित रानामुळे हे उतार जागच्या जागी धरले गेले आहेत, त्याला हात न लावता घर बारमाही करता येते, किंबहुना तसे करणेच शहाणपणाचे आहे, कारण पश्चिमेची झाडी हीच घराची पहिली झड आहे. जुने घर दुरुस्त करणे हा या निर्बंधांच्या मर्यादेत राहूनही डोंगरावर राहण्याचा सर्वांत निर्दोष मार्ग आहे. नवे खोदावे लागत नाही, नवा दगड काढावा लागत नाही.

प्रत्येक घर बारमाही करावे असे मात्र या पुस्तकाचे प्रतिपादन नाही. कड्याच्या काठावर उघड्या वाऱ्यात उभे असलेले घर, ज्याच्या पायाखालचा उतार सरकू लागला आहे असे घर, किंवा ज्याच्या मूळ लाकडी रचनेत बदल केल्याशिवाय सोयी आणताच येणार नाहीत असे दुर्मीळ घर हंगामीच राहू द्यावे, आणि त्याच्या झडींचा, कौलांचा व रखवालदाराच्या पगाराचा खर्च मालकाने न कुरकुरता करावा. उरलेल्या घरांच्या मालकांना एकच विनंती आहे. नकाशा काढण्यापूर्वी आणि पहिला गिलावा खरवडण्यापूर्वी एक अख्खा पावसाळा त्या घरात काढावा, पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोणती खोली सर्वांत शेवटी वाळते याची रोज वहीत नोंद करावी, आणि त्या घराची ज्याने आजवर राखण केली त्या माणसाला शेजारी बसवून ती नोंद त्याच्याकडून तपासून घ्यावी.